जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि इंग्रजीत भेट, असं कसं?

प्रश्नात आणखी दोन शंका आहेत: स्वीडिशमध्ये याच शब्दाचा अर्थ ‘लग्न झालेला’ असा होतो हे खरं का, आणि बाकीच्या युरोपात विषाला काय म्हणतात. पहिलं खरं आहे. दुसऱ्याचं बघू.

मी पुण्यात जर्मन शिकवते. दर बॅचला कोणीतरी हे विचारतंच, आणि दर बॅचला कोणीतरी व्हॉट्सॲपवरचं उत्तर ठोकून देतं, की जर्मन माणूस इतका हिशेबी की फुकट मिळालेल्या वस्तूला तो विषच समजतो. साफ थाप आहे ही. जर्मन माणूसही वाढदिवसाला रंगीत कागदात गुंडाळून वस्तू देतो, फक्त तिला ‘गेशेंक’ म्हणतो.

‘गिफ्ट’चा मूळ अर्थ ना विष, ना भेट. ‘गेबेन’ म्हणजे देणे. त्यावरून ‘गिफ्ट’ म्हणजे देणं, दिलेली गोष्ट. हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये हा साधा अर्थ व्यवस्थित चालू होता. त्यात विष कालवलं ते वैद्यकाने. ग्रीक वैद्य औषधाच्या एका वेळच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे शब्दशः ‘देणं’. लॅटिन ग्रंथांतून तो शब्द जर्मन मुलखात पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं: गिफ्ट. मग वैद्याने मोजून दिलेलं तेही गिफ्ट आणि कोणी वाइटावर उठून दिलेलं तेही गिफ्ट. विषाचं नाव उघड घ्यायला माणूस कचरतोच. आपल्याकडे ‘तिला काहीतरी दिलं असणार’ असं कोणी कुजबुजलं, तर पेढे दिले असतील असं कोणाच्या मनात येत नाही. हळूहळू औषध मागे पडलं, देणंही मागे पडलं, विष तेवढं उरलं. विषाला आधी जो शब्द होता, तो आज ‘आयटर’ या रूपात जखमेतल्या पुवापुरता शिल्लक आहे.

स्विस वैद्य पॅरासेल्ससचं १५३८ मधलं प्रसिद्ध वाक्य या दृष्टीने बघा. सगळ्याच गोष्टी विष आहेत, विषाशिवाय काहीच नाही. एखादी गोष्ट विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. हे त्याने जर्मनमध्ये लिहिलंय, आणि त्यात विषाला ‘गिफ्ट’ आहे, मात्रेला ‘डोसिस’. मूळ शब्द आणि त्याचंच भाषांतर एका वाक्यात समोरासमोर उभे आहेत, आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. ‘डोसिस’चा धातू तोच, जो आपल्या ‘दान’, ‘दाता’, ‘देणे’मध्ये आहे, त्यामुळे आपला रोजचा ‘डोस’ लांबून का होईना, नात्यातला आहे. ‘गेबेन’ मात्र त्या कुळातला नाही. सगळं संस्कृतातून निघालं म्हणणाऱ्यांनी इथे जरा दमाने घ्यावं.

एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण या शब्दावरून माझं घरात एक जुनं भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक होती, कराडला, आमच्या घरी. पसंती झालेली, पत्रिका बघून झालेल्या, फक्त याद्या करायच्या राहिल्या होत्या. थोरल्या काकांनीच स्थळ आणलेलं. पलीकडून बोलायला मुलाचे मामा. बाजार समितीच्या राजकारणात मुरलेला माणूस, आवाज एकदम मऊ. म्हणाले, “आमच्यात हुंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. लेकीला हौसेनं जे काही गिफ्ट द्याल ते तुमचं तुम्ही बघा. आता चारचाकीचं म्हणाल, तर हल्ली सगळेच गिफ्ट देतात. मुलाची नोकरी हिंजवडीला, राहायचं कोथरूडला. सोय तुमच्याच पोरीची होणार.”

चारचाकीचा विषय आमच्यापैकी कोणीही काढलेला नव्हता. बाबा यादीच्या कागदाकडे बघत बसले. काका म्हणाले, “बरोबर आहे, बरोबर आहे.”

मी म्हटलं, “मामा, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष.”

मामा चिडले नाहीत, हीच पंचाईत झाली. हसून म्हणाले, “असं का? मग तिकडं पोरीला सासरी पाठवताना काही देतच नसतील.”

“द्यायचे की. त्याला मिटगिफ्ट म्हणतात. मिट म्हणजे सोबत. सोबत दिलेलं.”

“म्हणजे बघा,” मामा काकांकडे वळले, “नुसतं दिलं तर विष, पण पोरीसोबत दिलं की चालतंय!”

सगळी बैठक हसली. काका सगळ्यांत मोठ्याने हसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून प्रत्येक कार्याला, मुंज असो की बारसं, मला बघितलं की काका म्हणतात, “काय गं, आज मिटगिफ्ट काय आणलंस?”

तर काका, आणि मामा, आणि प्रश्न विचारणारे अनोळखी गृहस्थ, आता नीट ऐका. लग्नाचा आणि या शब्दाचा संबंध आहेच. इतका जुना आहे की जुन्या इंग्रजीत ‘गिफ्ट’ हा शब्द सापडतो तो वाढदिवसाच्या भेटीसाठी नाहीच. एकवचनात त्याचा अर्थ बायकोसाठी मोजलेली रक्कम, आणि अनेकवचनात चक्क लग्न. ही रक्कम मोजायचा कोण? नवरा. इंग्लंडातल्या वेसेक्स या जुन्या राज्याचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात एक कलम आहे, की कोणी बायको विकत घेतली आणि ‘गिफ्ट’ पार पडली नाही, म्हणजे लग्न मोडलं, तर घेतलेले पैसे परत करायचे आणि वर तेवढीच भरपाई द्यायची. बायको विकत घेणं ही काही मिरवण्याची गोष्ट नाही, ते मला कळतं. पण पैशाची थैली कुठून निघून कुठे जात होती ते बघा.

त्याच्याही आधी, इसवी सन ९८ मध्ये, रोमन इतिहासकार टॅसिटस जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो, की यांच्यात हुंडा बायको नवऱ्याला देत नाही, नवरा बायकोला देतो. काय देतो तेही लिहिलंय: बैल, लगाम घातलेला घोडा, ढाल, भाला आणि तलवार. टॅसिटसला आपल्या रोमन लोकांना टोमणे मारायची हौस होती, त्यामुळे त्याचं जर्मनांचं कौतुक थोडं चाळून घ्यावं लागतं. तरीही मला त्या बैठकीत हे आठवायला हवं होतं असं फार वाटतं. मामांना म्हटलं असतं, मुलाकडून आधी घोडा आणा, मग चारचाकीचं बोलू. मिटगिफ्ट, म्हणजे माहेरहून सोबत पाठवायचं, तेही जर्मनांत होतंच, नाकारत नाही. पण त्याच शब्दावरून त्यांनी आणखी एक शब्द बनवलाय, ‘मिटगिफ्टयेगर’. येगर म्हणजे शिकारी. सासऱ्याच्या पैशावर डोळा ठेवून लग्न करणाऱ्याला म्हणतात. मराठीत यासाठी एक सुटसुटीत शब्द नाही ही मोठी गैरसोय आहे.

स्वीडिशचं कोडं आता सोपं झालं. तिथे ‘यिफ्ट’ असा उच्चार करतात. फॉर्मवर ‘यिफ्ट’ की ‘उयिफ्ट’ असं विचारलेलं असतं, म्हणजे विवाहित की अविवाहित. मुळात ते मुलीबद्दल होतं: दिलेली. आपण अजूनही ‘थोरली कुठे दिली?’ असंच विचारतो, आणि उत्तर ‘सांगलीला दिली’ असं येतं. कन्यादानातलं दान तेच. पुढे स्वीडिशमध्ये पुरुषही ‘दिलेला’ झाला. आपल्याकडे अजून ‘मुलगा कुठे दिला?’ असं कोणी विचारत नाही, घरजावई सोडून. विषाचा अर्थ तिकडे मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या बोलीतून गेला आणि त्याच अक्षरांत जाऊन बसला. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही तीच गत: एकच शब्द, विवाहित आणि विष. यावरचे विनोद तिथल्या लोकांनी इतके ऐकलेत की तुम्ही सांगितलात तर कोणी हसणार नाही.

डच लोकांनी थोडी सोय केली. देणगी ती ‘गिफ्ट’, विष ते ‘गिफ’; पण विषारीला मात्र ‘गिफ्टिग’च. आणि जुन्या जर्मनमध्ये व डचमध्ये ‘क्षमा करणे’ आणि ‘विष घालणे’ या दोन्हींना एकच क्रियापद होतं. त्यावर स्वतंत्र उत्तर लिहावं लागेल.

इंग्रजीतला ‘ग’ हाही उसना आहे. जुन्या इंग्रजीत उच्चार ‘यिफ्ट’कडे झुकणारा होता. स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांचा ठणठणीत ‘ग’ इंग्रजीला चिकटला आणि भेट हा अर्थही त्यांच्याच बोलण्यातून पक्का झाला. इकडे स्वीडिश लोकांनी आपला ‘ग’ मऊ करून ‘य’ केला. म्हणजे देणाऱ्याने टाकलं, घेणाऱ्याने जपलं.

बाकीचा युरोप, पटकन: फ्रेंच आणि इंग्रजीतलं ‘पॉयझन’ लॅटिन ‘पोतिओ’वरून, म्हणजे नुसतं पेय. लॅटिनमध्ये विषाला ‘व्हेनेनुम’. त्याचा संबंध व्हीनस या प्रेमाच्या देवीशी जोडतात, म्हणजे आधी ते बहुधा वशीकरणाचं औषध असावं. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज शब्द त्याचीच लेकरं. लॅटिनमध्ये विषाला दुसरा शब्द ‘वीरुस’, आणि तो आपल्या ‘विष’चा सख्खा भाऊ. तोच आजचा व्हायरस.

‘व्हेनेनुम’वरून रोमन कायदेपंडित गायुसचं एक वचन आहे. तो म्हणतो, जो कोणी ‘व्हेनेनुम’ म्हणेल त्याने चांगलं की वाईट हेही सोबत सांगावं, कारण औषधेसुद्धा त्याच शब्दात मोडतात. मराठीतल्या ‘गिफ्ट’ला हा नियम लावायला पाहिजे. खरं तर आपल्या कायद्याने तो लावलेलाच आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात न मागता दिलेल्या भेटी चालतात, पण त्यांची यादी करावी लागते. १९८५ च्या नियमांनुसार ती यादी लेखी हवी, त्यात वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं हवं, आणि खाली वधू-वरांच्या सह्या हव्यात. मुलीकडच्यांनी दिलेली वस्तू रिवाजाला धरून आणि ऐपतीत बसणारी असावी, हेही कायद्यात आहे. आपल्याकडे ‘यादी पे शादी’ म्हणतात खरं, पण हुंडा सोडून बाकी सगळं लिहायचा तो कागद. सहीचा कागद करू या म्हटलं की लोकांना अचानक माणुसकी आठवते.

काही गोष्टी राहिल्या. एक, मी भाषाशास्त्रज्ञ नाही, शिक्षिका आहे. ‘डोसिस’चा मार्ग आणि ‘नाव घ्यायचं टाळून काहीतरी दिलं म्हणणं’ हा मार्ग, यातला कोणता किती चालला याचं प्रमाण कोणी मोजून देऊ शकणार नाही. दोन्ही मिळून झालं असं धरा. दोन, ‘गिफ्ट’वरून जर्मन संस्कृतीबद्दल निष्कर्ष काढू नका, तसे ते ‘पोतिओ’वरून फ्रेंचांबद्दलही निघत नाहीत. तीन, माझ्या बहिणीला तो मुलगा आवडला होता. ते स्थळ मोडलं, आणि बरेच दिवस ती माझ्याशी धड बोलत नव्हती. काकांच्या मते जर्मनने घात केला. माझ्या मते चारचाकीने. मला त्याचं वाईट वाटतं, पण बोलले ते परतही बोलेन.

तुम्ही जर्मन शिकत असाल तर एवढं करा: शब्द लिंगासकट पाठ करा. ‘दास गिफ्ट’ नपुंसकलिंगी आहे, विष. ‘दी मिटगिफ्ट’ स्त्रीलिंगी, कारण देणं या अर्थाचा जुना ‘गिफ्ट’ स्त्रीलिंगीच होता आणि या जोडशब्दात तो तसाच टिकून राहिला. परीक्षेत हमखास चुकतं. आणि जर्मन औषधाच्या दुकानातलं ‘गिफ्टश्रांक’ म्हणजे भेटवस्तूंचं कपाट नव्हे; कुलूप त्यासाठीच असतं.

काकांच्या स्वतःच्या मुलीची बोलणी सध्या सुरू आहेत. परवा त्यांचा फोन आला होता, मिटगिफ्टचा विनोद न करता विचारत होते, की तो सह्यांच्या यादीचा नियम नेमका काय आहे. मी सांगितला, कोणत्या सालचा तेही लिहून घ्यायला लावलं. टॅसिटसचा घोडाही सांगायला घेतला, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता.