खाणीत मऊ असलेला चिरा बाहेर काढल्यावर कठीण का होतो?

चिरा उघड्यावर कठीण होतो, कारण त्यातील ओलावा निघून जाताना लोहाची संयुगे स्फटिकरूप होतात आणि कणांना एकमेकांशी घट्ट जखडतात. चिरा म्हणजे जांभा खडक. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे मूळ खडकातील सिलिका, कॅल्शियम, सोडियम असे घटक दीर्घकाळ विरघळून वाहून जातात आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे प्रामुख्याने मागे उरतात. जमिनीखाली हा थर ओलसर असल्याने चिरेखाणीत तो सहज कापता व तासता येतो. वाळल्यावर मात्र गोएथाइट, हेमॅटाइट या लोहखनिजांची जाळी पक्की होते आणि हा बदल बहुतांशी उलटत नाही, म्हणून वाळलेला चिरा भिजवला तरी पहिल्यासारखा मऊ पडत नाही. स्कॉटिश वैद्य व सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातील अशाच दगडाचा हा गुण १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे.

तरीही कठीण होणे म्हणजे अभेद्य होणे नव्हे. चिरा सच्छिद्र असतो आणि त्याच्या पोकळ्यांत पिवळसर किंवा पांढरट चिकणमाती भरलेली दिसते; ती जितकी अधिक, तितका चिरा कच्चा. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका या चर्चचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला, आणि तिथल्या उघड्या चिऱ्यांची पावसाने होणारी झीज आजही चिंतेचा विषय आहे. तेव्हा पावसाचा मारा थेट बसणाऱ्या भिंतीला चुन्याचा गिलावा असलेला बरा.