शंका-समाधान : व्हीपीएन आणि घरचा डीएनएस

प्रश्न : मुलांसाठी राऊटरमध्ये १.१.१.३ आणि ८.८.८.८ असे डीएनएस टाकले आहेत, तरी नको त्या साइट मधूनच उघडतात. शिवाय लॅपटॉपवर ऑफिसचा व्हीपीएन लावला की घरचा प्रिंटर गायब होतो आणि मोबाईलवर व्हीपीएन जोडूनही ऑफिसची अंतर्गत साइट उघडत नाही. कोणता डीएनएस टाकू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर आणि व्हीपीएन म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या नेटवर्कमधून नेणारा बंदिस्त मार्ग. तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकच डीएनएस बदलून भागणार नाही.

आधी मुलांचं बघू. १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा नको त्या साइट अडवणारा डीएनएस आहे, ८.८.८.८ हा गूगलचा साधा. दुसरा डीएनएस फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो, हा समज चुकीचा आहे. उपकरण दोघांपैकी कोणालाही विचारू शकतं आणि ८.८.८.८ काहीही अडवत नाही. त्याच्या जागी १.०.०.३ टाका, तो १.१.१.३ चाच जोडीदार आहे. राऊटरवर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, लांब पद्धत) चालू असेल तर तिथेही २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा, नाहीतर फोन तिकडून इंटरनेट कंपनीच्या डीएनएसला गाठतो. क्रोमच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये दुसरी कंपनी निवडली असेल, तर ब्राउझर राऊटरला विचारतच नाही. मुलाच्या फोनवर फुकटचा व्हीपीएन असेल तर हे सगळं पाण्यात. तो काढायलाच हवा.

प्रिंटर. व्हीपीएन सुरू झाला की लॅपटॉप नावांची चौकशी ऑफिसच्या डीएनएसकडे करतो आणि त्याला तुमचा प्रिंटर ठाऊक असण्याचं कारण नाही. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (घरच्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०, आणि विंडोजमध्ये प्रिंटर नावाने न जोडता त्याच पत्त्याने जोडा. तरीही छापत नसेल तर दोन शक्यता उरतात. ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१ नेच सुरू होत असेल, तर पत्ते एकमेकांवर आपटतात. मग घरचं नेटवर्क १९२.१६८.७७ वर न्या आणि प्रिंटरचा पत्ता नव्याने राखा. किंवा व्हीपीएन सगळीच वाहतूक ऑफिसकडे वळवत असेल. घरच्या प्रिंटरपुरती सूट फक्त ऑफिसचा आयटी विभागच देऊ शकतो, त्यावर घरगुती जुगाड करू नका.

मोबाईलचा दोष बहुधा ‘प्रायव्हेट डीएनएस’चा. फोनने कोणत्या डीएनएसला विचारायचं ते फोनमध्येच ठरवण्याची ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असलं की व्हीपीएनमधूनही चौकशी त्याच सेवेकडे जाते आणि तिला ऑफिसची आतली नावं माहीत नसतात. कामापुरतं ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. ऑफिसचा डीएनएस राऊटरमध्ये मात्र भरू नका. व्हीपीएनशिवाय त्याच्यापर्यंत सहसा पोहोचताच येत नाही, मग घरभर नेट बंद.

बदल केल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns) ही साठवलेली जुनी उत्तरं पुसणारी आज्ञा चालवा, मग एनएसलुकअप (nslookup). त्याच्या सुरुवातीच्या ओळींत कोणता सर्व्हर उत्तर देतोय ते दिसतं. व्हीपीएन लावून एकदा आणि काढून एकदा, असं दोनदा पाहा.