निकाल उलटा लागला, मग आमच्या प्रार्थनेचे काय झाले?

निवडणुकीचा हंगाम सरला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावतो: आम्ही उपास धरला, साखळी-प्रार्थना केली, तरीही निकाल उलटा लागला, मग देवाने ऐकले नाही, की आमच्याच मागण्यात खोट होती? हा प्रश्न विचारणारे बहुधा इव्हँजेलिकल मंडळ्यांचे सभासद असतात. या मंडळ्यांत वैयक्तिक तारण, बायबलचा अधिकार आणि प्रार्थनेला मिळणारे प्रत्यक्ष उत्तर यांवर मोठा भर असल्यामुळे उमेदवार पडला की त्यांच्या श्रद्धेलाही हादरा बसतो. पुढील अनुभव अशाच एका कुटुंबाचा आहे. त्यांच्या परवानगीने तो लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ साठीच्या पुढचे, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. हे स्वतः मात्र गेली अनेक वर्षे एका स्वतंत्र मंडळीत ‘वडील’, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारे ज्येष्ठ सभासद, म्हणून सेवा करत होते. 2025 च्या सुरुवातीला त्यांच्या पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांची झोप उडाली होती, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर राजकीय चर्चा ऐकणे चालू होते, रविवारची उपासना काही ना काही निमित्ताने टळत होती, आणि एकुलत्या एका मुलाशी त्यांनी अबोला धरला होता.

महाराष्ट्रात 2024 मध्ये दोन निवडणुका झाल्या. लोकसभेचा निकाल 4 जूनला लागला, तेव्हा या गृहस्थांनी मंडळीत उभे राहून साक्ष दिली होती की प्रभूने आपल्या लोकांची हाक ऐकली. विधानसभेसाठी 20 नोव्हेंबरला मतदान झाले आणि 23 तारखेला जो निकाल आला, त्याने ते कोसळले. त्यांचा कल कोणत्या बाजूला होता याचा अंदाज वाचकांना येईलच. पण त्याच हिवाळ्यात, नेमक्या उलट बाजूला मत दिल्यामुळे आपल्या संगतीत अविश्वासणारा ठरवला गेलेला एक तरुण व्यावसायिकही माझ्याकडे येत होता. दोघांच्या दुःखाचे मूळ एकच असल्याने पक्षाचे नाव मला येथे गौण वाटते.

“निकालाच्या दिवशी नेमके काय तुटले, दादा?” असे मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, प्रभूने शब्द दिला होता.” ऑक्टोबरातल्या एका उपास-प्रार्थनेत बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने, या राज्यात आता सत्ता पालटणार आणि देवाच्या लोकांना मोकळा श्वास मिळणार, अशी भविष्यवाणी केली होती. गृहस्थांनी ती वहीत तारखेनिशी लिहून ठेवली होती. निकालानंतर त्या उपदेशकाने चकार शब्द काढला नाही, आणि मंडळीतही कोणी विषय काढला नाही. सगळ्यांनी मिळून गिळून टाकलेली ती गोष्ट एकट्या यांच्या घशात अडकली होती.

त्यांची भीती खोटी नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. प्रार्थनासभांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांनी 2021 मध्ये धर्मांतरविषयक कडक कायदे केले, हेही त्यांना ठाऊक होते. अशा माणसाला ‘देवावर विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल’ असे सांगणे हा समुपदेशनातला आळस आहे, आणि श्रद्धाळू समुपदेशकांकडून तो वरचेवर घडतो. म्हणून आम्ही प्रथम भीती आणि आशाभंग वेगळे केले. भीतीसाठी काही साध्या व्यवस्था असतात: रात्री नऊनंतर बातम्या बंद, फॉरवर्ड आलेला प्रत्येक व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी तो कधीचा आणि कुठला हे पाहणे, मंडळीच्या ओळखीच्या वकिलाचा क्रमांक जवळ ठेवणे. काही आठवड्यांत झोप बरीच सुधारली. आशाभंगाचे दुखणे मात्र अशा उपायांनी हलणारे नव्हते.

त्यासाठी आम्ही बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय एकत्र वाचला. बाबेलचा राजा यरुशलेमवर स्वारी करून लोकांना आणि मंदिरातली पात्रे घेऊन गेला आहे. अशा वेळी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत हे जू मोडेल, राजा परत येईल, पात्रेही परत येतील. त्यावर यिर्मयाचा पहिला उद्गार कोणता, असे मी त्यांना विचारले. त्यांना वाटले होते, फटकारले असेल. प्रत्यक्षात यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणतो. परमेश्वर असेच करो, म्हणतो. हे घडावे असे त्यालाही मनापासून वाटत होते. तरीही देवाने न दिलेली मुदत देवाच्या नावावर खपवू द्यायला तो तयार नव्हता. लगेच पुढच्या अध्यायात त्याने बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण मुदत सत्तर वर्षांची आहे. हनन्याची आशा निकालाच्या तारखेला बांधलेली होती. यिर्मयाच्या आशेत तारीख इतकी लांब होती की ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती दिसणारच नव्हती, आणि तरीही त्याने त्यांना बाग लावायला सांगितले.

गृहस्थ हुशार होते, सहजासहजी मानणारे नव्हते. पुढच्या भेटीत त्यांनी अमेरिकेचा दाखला आणला. ते यूट्यूबवर तिकडच्या उपदेशकांना नियमित ऐकत. 2020 च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा जिंकतील अशी भविष्यवाणी तिकडच्या अनेक करिश्मावादी (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) उपदेशकांनी केली होती. ती फसल्यावर जेरेमाया जॉन्सन या उपदेशकाने जानेवारी 2021 मध्ये जाहीर माफी मागितली, आणि त्याच्यावर सर्वाधिक संतापले ते त्याचेच श्रोते. “पण ताई,” ते म्हणाले, “2024 मध्ये जिंकलेच की! म्हणजे शब्द खरा होता, वेळ चुकली.” मी त्यांना बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली कसोटी दाखवली: परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराचे बोलणे नव्हे. चार वर्षांनी दुसरी निवडणूक होऊन दुसरा निकाल लागला म्हणून पहिले विधान खरे ठरत नाही. अशी सवलत दिली तर जगातला कोणताही भविष्यवादी कधीच खोटा ठरणार नाही. हे त्यांना पटले असे वाटत नाही, पण त्यांनी वही मिटली.

अमेरिकेच्या या संदर्भात मला एक गोष्ट अधिक चिंतेची वाटते. तिथे गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी 10 मधले सुमारे 8 जण एकाच उमेदवाराला मत देतात, असे 2016 पासूनचे मतदानोत्तर अंदाज सांगतात. एवढ्या मोठ्या गटापुढचा प्रश्न असतो की हाती आलेल्या सत्तेचे काय करायचे. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सुमारे 10.8 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. आपल्यापुढचा प्रश्न सत्ता हाती नसताना शेजाऱ्यांसोबत कसे जगायचे हा आहे. तिकडचे उपदेश ऐकून तिकडची आशा आणि तिकडचा राग दोन्ही घरात येतात, आणि इथल्या आयुष्यात त्यांना बसायला जागाच नसते. आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षही होते. त्यांनी आणि फादर जेरोम डिसूझा यांच्यासारख्या सदस्यांनी विधिमंडळातल्या राखीव जागांचा आग्रह सोडला. धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य मात्र अनुच्छेद 25 मध्ये आले. त्या पिढीने बहुसंख्य शेजाऱ्यांच्या न्यायबुद्धीवर भरवसा टाकला होता. तो निर्णय योग्य होता का, यावर वाद होऊ शकतो. पण तो घाबरलेल्या लोकांचा निर्णय नव्हता.

“आपले सरकार आले असते तर दलित ख्रिस्तींचा प्रश्न सुटला असता,” हे त्यांचे आणखी एक दुखणे होते, आणि ते घरचे होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत, आणि मधल्या काळात दिल्लीत बहुतेक सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. धर्मांतरविषयक कायद्यांचेही तसेच: हिमाचल प्रदेशातला 2006 चा कायदा काँग्रेस सरकारने केला होता. हा हिशेब मी मांडला तो सगळे पक्ष सारखेच असतात असे सुचवण्यासाठी नव्हे. पक्षांत फरक असतो, आणि तो पाहूनच मत द्यावे. पण तारणाऱ्याची जागा पक्षाला दिली की त्याचे दोष दिसेनासे होतात, आणि दोष न दिसणारा मतदार त्या पक्षाकडून काहीही मागू शकत नाही.

इथे त्यांच्या पत्नी मध्येच बोलल्या. त्यांनी कित्येक वर्षांपासून मतदान सोडले होते. आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे, या जगाच्या भानगडीत विश्वासणाऱ्याने पडू नये, असे त्यांचे मत. हे वचन प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले. त्याच फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांनी चौकशीविना पौलाला फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी त्यांनी गुपचूप सोडून देऊ केले, तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा हट्ट धरला. स्वर्गाचे नागरिकत्व शिकवणाऱ्या माणसाने पृथ्वीवरचे नागरिकत्व असे वापरले होते. बाईंनी ते वाचून मान हलवली. पुढच्या वेळी जाईन, एवढेच म्हणाल्या.

सर्वांत अवघड होता मुलाचा विषय. नोव्हेंबरात जेवणाच्या ताटावर मुलाने आपले मत दुसरीकडे गेल्याचे सांगितले, आणि वडिलांनी विचारले, “तू विश्वासणारा तरी आहेस का?” मत गुप्त असते, पण आपल्या मंडळ्यांत ते गुप्त राहू दिले जात नाही. पूजास्थळांचा वापर प्रचारासाठी करू नये असे आदर्श आचारसंहिता सांगते आणि धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरते, तरी उपासनेनंतरच्या चहात कोणाला द्यायचे हे ठरवले जाते, आणि वेगळे वागणारा गप्प बसतो किंवा मंडळी सोडतो. मी वडिलांना एकच अभ्यास दिला: ज्याला मत दिले नाही, तो निवडून आलेला आमदार, त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे बायबलमधल्या पत्रात तीमथ्य या तरुण सेवकाला लिहिले गेले, तेव्हा रोमचा सम्राट काही विश्वासणारा नव्हता. “हे जमणार नाही, ताई,” ते म्हणाले. पहिले काही दिवस खरोखरच जमले नाही. नंतर त्यांनी सांगितले की नाव घेताना आधी राग येतो, मग त्या माणसाकडे काय मागायचे आहे ते आठवते.

मागायचे होते ते दफनभूमीचे. त्यांच्या भागातल्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा संपत आली होती आणि कुंपण पडलेले होते. महापालिकेत 2022 पासून नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, म्हणून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागे. कागद तयार करणे, नकाशा जोडणे, ऑनलाइन तक्रार नोंदवणे त्यांना जमेना, तेव्हा मुलगा मदतीला आला. आमदाराच्या संपर्क कार्यालयात दोघे सोबत गेले. कुंपणाचे काम मंजूर झाले, वाढीव जागेचा प्रश्न अजून तसाच आहे. मताविषयी बापलेकांत आजही एकमत नाही, पण जेवण एकत्र होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, “पुढच्या निवडणुकीला उपास धरायचा की नाही?” मी म्हटले, “जरूर धरा. मतदान निर्भयपणे व्हावे, खोटी आश्वासने उघडी पडावीत, गरिबाचे मत विकत घेतले जाऊ नये, यासाठी धरा. तुमचा उमेदवार यावा हेही मागा, यिर्मया आमेन म्हणाला तसे. फक्त निकालाची भविष्यवाणी करणारा कोणी मंडळीत आला, तर त्याचे नाव आणि तारीख वहीत लिहा, आणि निकालानंतर वडील या नात्याने त्याला जाब विचारा.” ते म्हणाले, मागच्या उपदेशकाला मी पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.