पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 90 दिवस छापले असतील तर?

प्रश्न : भोसरीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. एक मोठी कंपनी पीओवरच ‘पेमेंट 90 दिवसांनी’ असं छापते आणि पाच-पाच महिने लावते. त्या पीओवर सही मीच केलीय. आता काय करू? भांडलो तर काम जाईल.

उत्तर : सहीची धास्ती सोडा. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपुढची मुदत चालत नाही. करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

पण माझ्या मते व्याजापेक्षा आयकराची भीती जास्त कामाची. 2023 च्या वित्त कायद्यानंतर सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले एकदम गोड का बोलू लागतात, कळलं ना?

म्हणून आधी भांडण नको. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि थकबाकीचा तक्ता त्यांच्या अकाउंट्स विभागाला ईमेलने पाठवा. खरेदी विभागाला नव्हे, तिथे नुसता चहा मिळतो. तरीही हलले नाहीत तर सुविधा परिषदेत, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करा. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर त्याला कोर्टात आव्हान देण्याआधी कंपनीला 75 टक्के रक्कम भरावी लागते.