खापर गादीवर कशाला?

प्रश्न : सासूबाईंचं वय ६७. सहा वर्षांपूर्वी भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात पाण्याची गाठ दिसली. तेव्हा ती ७ सेंटिमीटर होती, आता ११ आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दोन वर्षं रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. मागच्या आठवड्यात मी त्यांना गादी उलटायला हाताशी घेतलं आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखायला लागलं की त्यांना श्वास घेववेना. रिपोर्टात 'कॉम्प्लेक्स सिस्ट, आत रक्तस्राव' आलंय. डॉक्टरांनी गोळी थांबवली. दीर म्हणतात, गोळीनंच घात केला, आता पुन्हा द्यायची नाही. सासूबाई मला काही बोलत नाहीत, पण गादीचा विषय रोज निघतो. हे माझ्यामुळे झालं का? आणि कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर : आधी गादीला सोडून देऊ. ११ सेंटिमीटरची गाठ म्हणजे जवळजवळ नवजात बाळाचं डोकं. तिला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं आणि तेच पाणी पाझरत राहतं. पाणी साठलं की दाब वाढतो, दाबाखाली अस्तराला रक्त पोचेनासं होतं आणि ते जागोजागी मरून सोलवटतं. मग भिंतीतल्या नाजूक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यातली एखादी फुटायला गादी लागत नाही, माणूस गाढ झोपेत असतानाही ती फुटते. पोटावर जोराचा मार बसला तर गोष्ट वेगळी. वाकण्या-उचलण्याचं फार तर निमित्त झालं असेल.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गोळी वाहिनी फोडत नाही, पण फुटलेली लवकर बुजूही देत नाही. पन्नाशी उलटलेली बाई, मोठी गाठ आणि वर रक्त पातळ करणारी गोळी, असा मेळ या दुखण्यात बऱ्याचदा दिसतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठी कितीतरी जणांच्या यकृतात असतात, त्यांच्यात असं सहसा होत नाही. आणि कळ येते ती यकृताच्या आवरणाला ताण बसतो म्हणून. काहींना ती उजव्या खांद्यातही जाणवते.

आता कॅन्सर. माझी तीस वर्षं सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत गेली. साधी गाठ पडद्यावर काळीभोर दिसते, विहिरीत डोकावल्यासारखी. रक्त उतरलं की त्या काळ्यात करड्या चिंध्या, पडदे, कधी गुठळीचा गोळा दिसू लागतो. या चित्राला आम्ही 'कॉम्प्लेक्स' म्हणतो आणि तो शब्द वाचून घरच्यांचा धीर सुटतो. नवखी असताना मीही अशाच एका गाठीच्या रिपोर्टात 'गाठीत ट्यूमर?' असं लिहून मोकळी झाले होते. एमआरआयमध्ये नुसती गुठळी निघाली, पण मधले दोन आठवडे त्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. तेव्हापासून मी पेशंटला कूस बदलायला सांगायचे. चिंध्या हलून खालच्या बाजूला बसल्या तर बहुधा रक्तच. भिंतीला चिकटून जागचा न हलणारा भाग मात्र तपासावाच लागतो, कारण तो ट्यूमर असू शकतो किंवा नुसती चिकटून बसलेली गुठळी. तिच्यात रक्त खेळत नाही, त्यामुळे शिरेतून औषध देऊन केलेल्या तपासणीत ती उजळत नाही. रक्त ओळखायला सीटीपेक्षा एमआरआय बरा. तुमचा झाला नसेल तर त्याबद्दल विचारा.

गोळीबद्दल उशीर नको. अंक छापून हातात पडेपर्यंत दिवस उलटतील, म्हणून एवढं तुम्हाला आधीच पत्रानं कळवलं आहे. ठोके अनियमित असतील तर हृदयाच्या कप्प्यात गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. गोळी कायमची बंद करणं म्हणजे यकृत सांभाळताना मेंदू वाऱ्यावर सोडणं. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रक्तस्राव झाल्यावर ही औषधं थांबवावीत आणि सुरुवातीपासून ७ ते १५ दिवसांच्या दरम्यान पुन्हा सुरू करावीत. नेमका दिवस फिजिशियन ठरवतील, दीर नव्हे. दुखण्यासाठी घरात पडलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी देऊ नका, तिनंही रक्त थांबायला वेळ लागतो.

'सुईनं पाणी काढून टाका' असं कुणी सुचवलं तर आत्ता नको. रक्तस्राव ताजा असताना गाठीला हात लावत नाहीत. बंद जागेत रक्त साठून दाब वाढला की ते बहुधा आपोआप थांबतं आणि कळ काही दिवसांत ओसरते. पुढे गाठ त्रास देत राहिली तर दुर्बिणीतून तिचं छप्पर कापता येतं. त्याआधी ती हायडॅटिड, म्हणजे कृमीची गाठ, नाही याची खात्री हवी. तिच्यात बेसावध सुई घातली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

एक मात्र लक्षात ठेवा. सगळं पोट ताठरलं, घाम फुटून चक्कर आली, तर गाठ पोटात फुटली असण्याची शक्यता असते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल. थंडी वाजून ताप आला तर गाठीत जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हाही त्याच दिवशी दाखवा.

हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा, मोठ्यानं. आणि पुढचे काही आठवडे गाद्या दिरांना उलटू देत.