फ्लॅश बसत नाही? आधी फाइल कॉपी करणं थांबवा

मुलांचे जुने खेळ चालवण्यासाठी उबंटूवर (ही लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली) फायरफॉक्स ब्राउझरमध्ये फ्लॅश, म्हणजे वेबपानांवरचे खेळ आणि व्हिडिओ चालवणारं जुनं प्लगइन, बसवायला तुम्ही सूचनांप्रमाणे फाइल कॉपी करत राहिलात आणि त्यात दोन दिवस गेले, हे तुमच्या प्रश्नात वाचून वाईट वाटलं. चूक तुमची नाही. फोल्डर बरोबर असेल, परवानग्याही बरोबर असतील. पण अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं आणि जानेवारी 2021 मध्ये आलेल्या 85व्या आवृत्तीपासून फायरफॉक्समधून फ्लॅश चालवायची सोयच काढून टाकली. तुम्ही पाळताय त्या सूचना त्याआधीच्या आहेत. सूचना उघडली की पहिल्यांदा तिची तारीख बघायची सवय लावा.

आणि कुठूनतरी मिळालेली फाइल सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) वापरून सिस्टिमच्या फोल्डरात टाकू नका. हे कळकळीनं सांगतोय.

मुलांचे जुने खेळच चालवायचेत ना? मग फायरफॉक्सच्या ॲड-ऑन्सच्या पानावरून 'रफल' हे फ्लॅशचे खेळ चालवणारं मुक्तस्रोत एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) घ्या. टर्मिनल लागत नाही. बरेच जुने खेळ चालतात, ॲक्शनस्क्रिप्ट 3 या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले काही अडतात.

उबंटू 22.04 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत फायरफॉक्स स्नॅप (उबंटूची ॲप पॅक करून देण्याची पद्धत) म्हणून येतो, त्यामुळे त्याचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर, होम फोल्डरातल्या 'स्नॅप'मध्ये सापडेल. एक्स्टेंशन टाकल्यावर ब्राउझर अडखळला, तर हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड सुरू करून बघा; त्यात एक्स्टेंशन्स बंद असतात. तिथं नीट चालला, तर नेहमीच्या मोडमध्ये परत येऊन एकेक एक्स्टेंशन बंद करत जा.