पुतळ्यापलीकडचं स्मारक

प्रश्न : अन्यायाचं स्मारक पुतळ्याशिवाय उभारता येतं का? – वास्तुकलेची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : येतं गं. अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीला झुंडबळी ठरलेल्या कृष्णवर्णीयांचं, २०१८ साली खुलं झालेलं स्मारक मी पाहिलंय. आवारात काही शिल्पं आहेत, पण स्मारकाचा गाभा म्हणजे गंजाच्या रंगाचे ८००हून अधिक पोलादी स्तंभ. प्रत्येकावर एका काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव आणि तिथं मारल्या गेलेल्यांची नावं. सुरुवातीला ते अगदी समोर, डोळ्यांच्या पातळीला. मग जमीन उतरत जाते, स्तंभ तिथंच राहतात, आणि बघता बघता डोक्यावर लटकू लागतात. माझी मान आपोआप वर गेली. झुंडीनं माणसाला झाडाला लटकवलं की खाली जमलेली गर्दी जिथून बघायची, तिथं मी उभा होतो! बाहेर त्याच स्तंभांच्या प्रती आडव्या ठेवल्यात, त्या-त्या काउंटीनं आपापली घेऊन जावी म्हणून. मला हीच कल्पना सर्वांत धाडसी वाटते. तू आराखड्यात आधी जमिनीचा उतार काढ, भिंती नंतर.